शेवट आधी बघायचा नाही

पुस्तक मनातल्या मनात वाचायचं असतं, असं मला पहिल्यांदा सांगितलं ते मास्तरांनी, आणि त्या दिवसापासून तो माणूस माझ्या डोक्यात गेला.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. बसचे कंडक्टर. मुंबईत कंडक्टरला मास्तर म्हणायची पद्धत आहे. रिटायर झाले तरी नाव तेच राहिलं. राहायला गिरगावात, एका वाडीत, वरच्या मजल्यावर. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. आमच्या लालबागच्या चाळीत ते यायचे माझ्या शेजारणीकडे. शेजारणीचा नवरा माझ्याच मिलमध्ये, माझ्याच खात्यात होता. तो गेला. मी तिला वहिनी म्हणतो, ती मला भावजी म्हणते. बाकी सगळी चाळ मला आबा म्हणते.

वहिनी आणि मास्तर लग्न करणार होते. दोघंही साठीच्या पुढची. कोर्टात नोटीस दिली होती, ती तिथं महिनाभर फळ्यावर लागते, मग लग्न. ही गोष्ट चाळीत कुणाला ठाऊक नव्हती असं नाही. खालच्या मजल्यावरच्या बायका मास्तर जिना चढले की नळावर हळू बोलायला लागायच्या, आणि आमच्या नळावर हळू बोललेलं तिसऱ्या मजल्यावर ऐकू येतं.

तर वाचनाचं. मी गावी असताना चौथीत शाळा सोडली. सोडली म्हणजे बापानं सोडवली. खरं वाचायला शिकलो ते इथं, चाळीत. श्रावणात आमच्या गॅलरीत पोथी लागायची. वाचणारे एक म्हातारे होते, त्यांच्या शेजारी बसून, त्यांच्या बोटाखालची अक्षरं बघत बघत शिकलो. ते गेल्यावर पोथी माझ्याकडे आली. पोथीचे नियम असतात. आंघोळ करून बसायचं. मोठ्यानं वाचायचं. पान गाळायचं नाही. अध्याय धरला की पुरा करायचा, मध्ये उठायचं नाही. आणि शेवट आधी बघायचा नाही. मी पेपरसुद्धा असाच वाचतो. दुसरी रीत मला येत नाही आणि आता शिकायचीही नाही.

मास्तर एकदा वहिनीकडे आलेले असताना माझं वाचन ऐकून दारात आले. म्हणाले, "आबा, मनात वाचलं तर भराभर होतं. घसा पण दुखत नाही."

मी म्हटलं, "मास्तर, तोंड न उघडता वाचलं तर ते वाचलं हे कुणाला कळणार?"

"तुम्हाला कळेल ना."

"मला माझ्यावर तेवढा विश्वास नाही," मी म्हटलं. ते हसले. मला त्यांचं हसणं आवडलं नाही.

आमच्या चाळीखाली मंडळाचं वाचनालय आहे. पेपर फुकट, पुस्तकाला वर्गणी. तिथं बसणाऱ्या बाईंनी मला एक पातळ पुस्तक काढून दिलं. कव्हरवर होडी आणि पाठमोरी एक बाई, केस पांढरे.

"आबा, हे न्या. अक्षर मोठं आहे."

"काय आहे यात? देवाचं?"

"प्रेमाचं आहे. आणि रहस्य."

"माझं वय बघा जरा."

"म्हणून तर देतेय. यातली माणसं तुमच्याच वयाची आहेत."

मी घेतलं ते केवळ त्या बाईंना वाटू नये की आबाला पुस्तक झेपत नाही म्हणून.

पहिली दोन-चार पानं मी रागानंच वाचली. कोकणात समुद्रकाठी एक गाव. तिथं एक रिटायर हेडमास्तरीण, विधवा, एकटी, मोठं घर. वरची खोली ती भाड्यानं देते, आणि तिथं राहायला येतो एक माणूस, जहाजावरचा इंजिनीअर, तोही रिटायर. कमी बोलतो. भाजी चांगली चिरतो. रोज पहाटे छोटी बोट घेऊन एकटाच खडकांच्या पलीकडे जातो आणि काही न पकडता परत येतो. मासे नाहीत, काही नाही. मग जातो कशाला? मी पुस्तक मांडीवर ठेवून यावर एक दुपार विचार केला.

मग बाईला फोन यायला लागतात. पलीकडून एक बाई बोलते. म्हणते, त्याची पहिली बायको बुडून मेली, तुला सांगितलं का त्यानं? आणि फोन ठेवते.

इथून पुढं मला ते पुस्तक सुटेना. भराभर वाचणाऱ्याला कादंबरीतली भीती कळत नाही असं माझं मत आहे. तो एका मिनिटात पान उलटतो, भीती मागं टाकून जातो. माझं बोट एकेका शब्दावर थांबतं. ती बाई इंजिनीअरच्या खोलीच्या दारात उभी आहे, आत जाऊ की नको, आणि मला तिला आत न्यायला अर्धा तास लागतो. तेवढा वेळ तिचा हात कडीवर, आणि माझा घाम.

प्रेमाचंही होतं त्यात. एका ठिकाणी तो तिच्या पांढऱ्या केसांत आलेलं पान काढतो आणि हात तिथंच ठेवतो. चांगलं दीड पान तो हात तिथं आहे. मी उठून गॅलरीकडचं दार लावून घेतलं आणि ते दीड पान मोठ्यानं वाचलं, पोथीच्या चालीवर, कारण दुसरी चाल मला नाही. गाळलं नाही. लिहिणाऱ्यानं लिहिताना लाज धरली नाही तर मी वाचताना का धरू?

गॅलरीकडचं दार लावलं, पण एक दार माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. माझी खोली आणि वहिनीची खोली यांच्यामध्ये एक जुनं दार आहे. पूर्वी दोन्ही खोल्या एकाच बिऱ्हाडाच्या होत्या, नंतर वेगळ्या झाल्या तेव्हा खिळे मारून ते बंद केलं. माझ्या बाजूनं त्यावर कॅलेंडर आहे. तिच्या बाजूनं त्याला लागून तिची खाट आहे.

मास्तर मंगळवारी आणि शनिवारी दुपारी यायचे. येताना काही ना काही असायचं, कधी दादरच्या मार्केटातली भाजी, कधी तिच्या आवडीचे सुके बोंबील. एका मंगळवारी मी गॅलरीत बसलो होतो. मास्तर आले, वहिनीची कडी वाजवली. आतून आवाज आला, "आज डोकं धरलंय माझं. आज नको."

"दवाखान्यात जाऊया का?"

"नको म्हटलं ना."

मास्तरांनी पिशवी कडीला अडकवली आणि गेले. जाताना माझ्याकडे बघून मान हलवली. मी पण हलवली. थोड्या वेळानं दार किलकिलं झालं, हात बाहेर आला, पिशवी आत गेली. डोकं धरलेल्या बाईचा हात असा भरकन येत नाही.

शनिवारी परत तेच. यावेळी मास्तर गॅलरीत उभे राहिले. कठड्याला टेकून खालच्या पटांगणात चालू असलेलं क्रिकेट बघत राहिले. समोरच्या खोलीतली म्हातारी दारात येऊन बसली, नाटक बघायला बसावं तशी. म्हणाली, "मास्तर, गाडी चुकली वाटतं आज."

"गाडी आहे काकू," मास्तर म्हणाले, "दार बंद आहे."

मला खोटं बोलायचं नाही, मला बरं वाटलं. मला मनात वाचायला सांगणाऱ्या माणसाला उभं राहावं लागतंय, हे मला आवडलं. मी आत गेलो, आंघोळ झालेलीच होती, पुस्तक उघडलं आणि मोठ्यानं वाचायला लागलो. त्या दिवशीचा अध्याय असा होता की बाईला इंजिनीअरच्या बॅगेत एका बाईचा फोटो सापडतो, मागं तारीख, आणि फोनवाली बाई सांगते की ती तारीख म्हणजे बुडाल्याचा दिवस. मी असा वाचला की खालचं क्रिकेट ऐकू येईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी माझ्या दारात. आत आली, खुर्चीवर बसली, पदर नीट केला. तिची सवय आहे, कठीण बोलायचं असलं की मालवणीत सुरू होते.

"भावजी, त्या फोटोचा पुढे काय झाला?"

मला कळायला थोडा वेळ लागला. "कुठला फोटो?"

"बॅगेतलो. इंजिनीअराच्या."

मी कॅलेंडरकडे बघितलं. तिनंही बघितलं.

"तुम्ही ऐकताय?"

"पहिल्या पानापासून. दुपारची निजते ना मी तिकडे. आता नीज गेली." मग ती नेहमीच्या भाषेत आली. "लेक म्हणते, आई, ह्या माणसाला तुझी खोली दिसतेय. चाळ पाडणार, टॉवर होणार, लालबागला फ्लॅट मिळणार तुला. म्हणे, त्याशिवाय ह्या वयात कोण कुणाकडे भाजी घेऊन येतं. मी तिला उडवून लावलं. आणि मग तुमचं ते पुस्तक सुरू झालं."

"ते पुस्तक आहे, वहिनी."

"मला काय कळत नाही? पण त्या बाईला पण आधी काही वाटलं नव्हतं. तिला पण भाजी चिरून द्यायचा तो. मास्तर बायकोबद्दल कधी बोलत नाहीत. कधीच नाही. मी पण विचारलं नाही. आता विचारावं म्हटलं तर तोंडातून शब्द येत नाही. दार उघडलं की मी त्यांच्या हाताकडे बघते."

मी म्हटलं, "मग मी वाचणं बंद करतो."

"अजिबात नाही," ती म्हणाली. "अर्धं ऐकून मला वेड लागेल. पण माझ्याशिवाय पुढे वाचायचं नाही. आणि शेवट तुम्ही आधी बघितलात तर मला तोंड दाखवू नका."

"मी कधी बघत नाही."

"ठाऊक आहे. म्हणून तर तुमच्यावर विश्वास ठेवतेय. पुढचा शनिवार कोर्टाचा आहे, भावजी. त्याच्या आधी मला ठरवायचंय."

ती गेली आणि मी पुस्तक हातात घेऊन बसलो. शेवटचा अध्याय राहिला होता. पुस्तक एकदम जड लागायला लागलं. एवढं पातळ पुस्तक, पण आता त्यात त्या बाईचं काय होणार एवढंच नव्हतं. मला वाटत होतं इंजिनीअर बदमाश निघावा. गोष्ट तशीच चालली होती, तसा निघाला तरच मजा होती. आणि तो बदमाश निघाला की भिंतीपलीकडची बाई दार उघडायची नाही, ते कायमचंच.

दोन दिवसांनी मी नाक्यावरच्या टपरीवर चहाला गेलो तर मास्तर तिथं बाकावर. माझीच वाट बघत होते हे त्यांच्या बसण्यावरून कळलं. माझ्यासाठी कटिंग सांगितला. मी म्हटलं, "माझा मी सांगतो." सांगितला.

"आबा," ते म्हणाले, "तुमच्या वहिनींनी मला शुक्रवारी दुपारी बोलावलंय. म्हणाल्या, आबा पुस्तकाचा शेवट वाचणार आहेत, तुम्ही समोर बसून ऐका. हे काय आहे?"

मला हे ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नव्हतं असं मी म्हटलं नाही.

"आहे ते आहे," मी म्हटलं.

"मला त्यांनी सगळं सांगितलं. फोनवर. लेक काय म्हणते, ते इंजिनीअरचं, फोटो. माझ्या तोंडाकडे बघायचंय त्यांना ऐकताना." त्यांच्या हातातला ग्लास कधीच रिकामा झाला होता. "शेवट काय आहे?"

"ठाऊक नाही."

"पुस्तक तुमच्याकडे आहे."

"आहे."

"मग बघा ना. आता जाऊन बघा. नुसतं सांगा, तो माणूस कसा निघतो."

"मी शेवट आधी बघत नाही."

"आबा, माझं सगळं यावर अडकलंय."

"ते मला दिसतंय," मी म्हटलं. "पण उद्या मी बघितलं, आणि वाईट निघालं, मग तुम्ही काय करणार?"

मास्तरांनी रिकामा ग्लास बाकावर ठेवला. मग खाली बघून म्हणाले, "पुस्तक तुमच्या डोळ्यासमोर असणार. समोरच्याला काय छापलंय ते दिसत नाही. दोन पानं एकदम उलटली तर कुणाला कळणार?"

मला एवढा राग आला की चहा तसाच राहिला. "मास्तर, चाळीसेक श्रावण वाचलेत मी. बायको आजारी होती तेव्हाही पान गाळलं नाही. छापलंय तेच वाचणार. तुम्ही बुडालात तरी."

ते उठले. मला वाटलं भांडतील. "बरोबर आहे तुमचं," म्हणाले. "मी विचारायला नको होतं." आणि बस स्टॉपकडे चालायला लागले. त्यांनी भांडण केलं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्या दोन दिवसांत मी पुस्तक उशाला घेतलं नाही, कपाटात वरच्या फळीवर ठेवलं आणि किल्ली लावली. स्वतःपासून कुलूप लावायची वेळ माझ्यावर त्याआधी आली नव्हती.

शुक्रवारी दुपारी मी आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला, वहिनीकडे गेलो. तिनं पाट मांडून त्यावर स्वच्छ फडकं घातलं होतं, पुस्तकासाठी. मास्तर स्टुलावर बसले होते, हात गुडघ्यांवर, नुकत्या इस्त्रीचा शर्ट. वहिनी खुर्ची ओढून बरोबर त्यांच्या समोर बसली. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही. तिला आवाज माझा हवा होता, तोंड त्यांचं.

मी सुरू केलं.

पौर्णिमेचा दिवस. सकाळी फोन येतो. फोनवाली म्हणते, तिलाही त्यानं पौर्णिमेलाच नेलं होतं, बोटीतून. बाई फोन ठेवते आणि मागं वळते तर इंजिनीअर दारात उभा. तो म्हणतो, आज भरती चांगली आहे, आज माझ्याबरोबर खडकांपर्यंत ये, तुला एक दाखवायचं आहे.

माझा आवाज बसायला लागला होता. पाण्याचा तांब्या जवळ होता पण मी घेतला नाही. अध्याय चालू होता.

दोघं किनाऱ्यावर येतात. कुणी नाही. तो बोट पाण्यात लोटतो, हात पुढे करतो. बाई साडी वर धरून पाण्यात उभी. पायाखालची वाळू सरकतेय. लिहिणाऱ्यानं ती वाळू एवढी सरकवली होती की मला माझे पाय जमिनीवर दाबून धरावेसे वाटले. एक पाय ती बोटीत ठेवते.

"नको जाऊस," मास्तर म्हणाले.

मी थांबलो. पोथी चालू असताना मध्ये कुणी बोलत नाही. मी रागानं वर बघितलं. मास्तर माझ्याकडे बघत नव्हते, वहिनीकडेही नाही. खाली फरशीकडे बघत होते. चेहरा घामानं ओला.

"उतर बाई," ते म्हणाले. "बोट सुटायच्या आधी उतर."

वहिनी पुढे वाकली. "का उतरावं तिनं?"

"शंका आहे ना तिला?"

"आहे."

"मग बसायचं कशाला? शंका घेऊन माणसाबरोबर बसायचं नाही. तो चांगला असेल तर थांबेल की किनाऱ्यावर. आज नाही तर उद्या जातील. उद्या नाही तर पुढच्या पौर्णिमेला. थांबायला काय लागतं?"

"आणि तो कंटाळून निघून गेला तर?"

"गेला तर गेला," मास्तर म्हणाले. "मग बोटीत बसावं असा तो नव्हताच."

बाहेर कुणीतरी गॅलरीत कपडे झटकत होतं, त्याचा आवाज येत होता. मास्तरांना बहुतेक तेव्हा कळलं ते काय बोलले. इंजिनीअरच्या विरुद्ध बोलले होते ते, म्हणजे इथं बसलेल्या स्वतःच्याच विरुद्ध. त्यांनी रुमाल काढून तोंड पुसलं आणि मला म्हणाले, "माफ करा, आबा. वाचा."

मी वाचलं. बाई उतरली नाही. दुसराही पाय तिनं बोटीत घेतला. मास्तरांनी स्टुलाची कड धरली. बोट निघाली, गाव मागं गेलं, खडक आले. इंजिनीअरनं मोटर बंद केली. चारी बाजूला पाणी. तो तिला विचारतो, तुला पोहता येतं ना?

तिथं पान संपलं. मी बोट ओलं केलं, पान उलटायला गेलो, तर वहिनी बोलली. माझ्याशी नाही.

"तुमची बायको कशानं गेली?"

"ताप होता," मास्तर म्हणाले. "साधा ताप, अंगावर काढला तिनं. मी ड्यूटीवर होतो, सुट्टी घेतली नाही. संध्याकाळी जाऊ दवाखान्यात म्हटलं. संध्याकाळी उशीर झाला होता. कुणाला सांगावं असं काही त्यात नाही, म्हणून सांगत नाही."

वहिनीनं पदराचं टोक हातात घेतलं. मला वाटलं ही आता रडणार. ती रडली नाही. म्हणाली, "उद्या लवकर या. कोर्टात गर्दी असते."

"तुमची शंका?"

"तुम्ही थांबाल म्हणालात ना. मग मला थांबवायचं नाही तुम्हाला."

"तुमच्या लेकीला काय सांगणार?"

"तिला सांगेन, खोली तुझ्या नावावर करते, आता ये आणि जेवून जा." मग जरा हसून, "ह्यांना खोली नको. ह्यांना बोंबील घेऊन जायला कुणाचं तरी दार हवंय."

मास्तर उठून उभे राहिले, परत बसले, परत उठले. मग ते गॅलरीत गेले. ती त्यांच्यामागं गेली. जाताना मला म्हणाली, "भावजी, साक्षीदार लागतात उद्या. तुम्ही याल ना?"

"अध्याय अर्धा आहे," मी म्हटलं.

"याल ना?"

"येईन. पण अध्याय अर्धा आहे, वहिनी. तुम्हीच म्हणत होता, अर्धं ऐकून वेड लागेल."

पण ती बाहेर गेलेली. दोघं कठड्याशी उभी होती, मध्ये वीतभर अंतर ठेवून, आणि समोरची म्हातारी दारात येऊन बसली होती. ज्या शेवटासाठी यांनी मला दिवसचे दिवस टांगून ठेवलं, तो शेवट आता यांना नको होता. खोलीत मी, पाट आणि पुस्तक. बोट खडकांपलीकडे उभी, मोटर बंद, आणि बाईनं अजून उत्तर दिलेलं नाही.

मी पान उलटलं. कुणासाठी नाही, मला कळायचं होतं म्हणून. आणि मोठ्यानंच वाचलं, कारण रीत ती रीत.

बाई म्हणते, येतं, इथलीच आहे मी. इंजिनीअर म्हणतो, मला येत नाही. जन्मभर जहाजावर होतो, पण पोहता येत नाही. ती इथंच पडली, पाय घसरून. मी बोटीत उभा राहून बघत राहिलो. फोन करणारी तिची बहीण आहे, आणि ती खोटं बोलत नाही, मी उडी मारली नाही. रोज पहाटे मी इथं येतो. तुला लग्नाचं विचारायच्या आधी ही जागा दाखवायची होती. आता तू म्हणशील तसं.

बदमाश नव्हता. मला थोडं वाईट वाटलं. एवढी भीती खर्च केली होती मी त्याच्यावर. आणि मग वाईट वाटलं ते गेलं, कारण बाई काही बोलत नाही. दोन पानं ती बोलत नाही. तो मोटर सुरू करायला जातो तर मोटर लागत नाही, ओहोटी सुरू झालेली, बोट बाहेर ओढली जातेय. माझं बोट पुढं सरकेना. मी सावकाश, एकेक शब्द धरून तिला त्या पाण्यातून आणत होतो.

गॅलरीतून वहिनीचा आवाज आला. "भावजी, आली का हो ती परत?"

"ऐकायचं होतं तर आत बसायचं," मी म्हटलं.

"सांगा ना."

तिला उत्तर द्यायला मध्ये थांबणं नियमात बसत नव्हतं. मी अध्याय पुरा केला, शेवटची ओळ वाचली, पुस्तक मिटलं, फडक्यात गुंडाळलं. मग दारात गेलो. दोघंही वळून माझ्याकडे बघत होती. मास्तरांचा चेहरा असा होता की जणू निकाल अजून लागायचाच आहे.

"आली," मी म्हटलं. "दोघंही आली. वल्ही तिनं मारली."